दारं उघडा, असं मी सांगत फिरले

वारा मोजायचा पगार मिळतो, हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. "पोरगी सकायपासून हवा पाह्यते, आन् सरकार तिले पैसे देते," असं ती आल्यागेल्याला सांगायची, तेही आवाज खाली आणून. जणू मी काही लबाडी करून राह्यले होते आणि ती माझी साथीदार होती.

नोकरी खरी होती. शेती खात्याच्या एका लहान केंद्रावर मी हवामान निरीक्षक होते. जागा म्हणजे तारेच्या कुंपणातला गवताचा चौकोन. त्यात चार पायांवर उभी पांढरी, झरोक्यांची लाकडी पेटी आणि तिच्या पोटात तापमापकं. एक पर्जन्यमापक. खांबावर गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या, त्यावरून वाऱ्याचा वेग. आणि परातीसारखं एक मोठं पात्र, त्यातलं पाणी दिवसाला किती उडालं ते मोजायचं. सकाळी सात आणि दुपारी दोन. सण असो, सुतक असो, अंगात ताप असो, सात म्हणजे सात. आकडे वहीत, वहीतून तक्त्यावर, तक्ता टपालानं वर. वर त्याचं काय व्हायचं ते मला कधी कळलं नाही.

रुजू झाले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि मला सगळं ठाऊक होतं. आता पासष्टी ओलांडली. रोज थोडं थोडं कमी ठाऊक होत चाललंय, आणि खरं सांगते, जिवाला बरं वाटतं.

दुसऱ्याच उन्हाळ्यात एका दिवशी पात्रातलं पाणी एवढं उडालं की मी हादरले. रात्रभर बसून दोन पानी टिपण लिहिलं. शीर्षक अजून पाठ आहे: 'यवतमाळ परिसरातील शुष्क वाऱ्यांचे असामान्य वर्तन'. पाठवून दिलं. तिसऱ्या दिवशी आमचा चौकीदार म्हणाला, "बाई, त्या परातीवरची जाळी फाटली हाय. बकऱ्या येऊन पानी पिऊन राह्यल्या." टिपण परत मागवायची मला लाज वाटली. ते अजून कुठल्यातरी फाइलीत असेल आणि कुणी विद्वान त्याचा आधार घेत असेल.

त्याच उन्हाळ्यात मी वावटळीच्या मागं धावले. आमच्याकडं मार्च-एप्रिलात काळ्या, उघड्या वावरातून दुपारी वावटळी उठतात. लोक त्यांना भवरा म्हणतात आणि बाजूला होऊन थुंकतात, कारण आत अतृप्त जीव असतो असं मानतात. आमच्या घरात धम्मदीक्षेनंतर बापानं भुताखेतांना कायमची रजा दिली होती. मी काय केलं, तर भुतांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर छापील कागद आणून बसवला. छापलेलं असलं की माझे हात जोडले जात. तर हातात धरायचं लहान वातमापक घेऊन, पदर खोचून मी भवऱ्याचा वेग घ्यायला पऱ्हाटीच्या वावरात शिरले. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी, टोकदार झाडं. भवरा माझ्याहून हुशार निघाला. तो वळला, मी वळले, तो अंगावरून गेला. बाहेर आले तेव्हा डोक्यात माती, साडीला सतरा ठिगळांची सोय, आणि वहीची पानं शेजारच्या विहिरीत. चौकीदार काठावर उभा होता.

"किती भरलं माप, बाई?"

"मोजता नाही आलं."

"त्यानं तुमाले मोजलं वाट्टे."

तेव्हापासून मी परिसरात हवाबाई झाले.

बाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगून ठेवते, कारण शहाणीसुरती माणसंही यात घोटाळा करतात. वावटळ जमिनीची असते. जमीन तापते, हवा वर उठते, फिरते, धूळ घेते. आकाश निरभ्र असतं आणि दोनचार मिनिटांत खेळ संपतो. चक्रीवादळ समुद्राचं, ते कित्येक जिल्हे एका वेळी झाकतं आणि चार दिवस आधी कळतं. टोर्नॅडो तिसराच. तो ढगाचा. वादळी ढगातून खाली उतरतो, रुंदीला एखाददुसऱ्या वावराएवढा, आणि तेवढ्यात जे सापडेल त्याचं काही ठेवत नाही. आमच्याकडं तो क्वचितच. म्हणून कुणी त्याची तयारी करत नाही. म्हणूनच मी करायची ठरवलं.

मला नोकरीत बारा वर्षं झाली होती आणि ते कापसाचे वाईट दिवस होते. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा पेपरात कशासाठी येत होतं ते वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. गावोगाव गाड्या यायच्या, उतरणारी माणसं सल्ला द्यायची आणि धूळ उडवत निघून जायची. लोक सल्ल्याला विटले होते. भाव पडलेला, म्हणून पुष्कळांनी कापूस विकलाच नव्हता, घरातच भरून ठेवला होता. आतली खोली जमिनीपासून माळ्यापर्यंत पांढरी, आणि माणसं बाहेर टिनाच्या छपरीत. घरातल्या कापसानं अंगाला खाज सुटायची, पोरं रात्रंदिवस खाजवत बसायची. अशा वेळी वादळ आलं तर या लोकांनी करायचं काय, असा प्रश्न मला पडला. हा प्रश्न चांगला होता. त्याबद्दल मी स्वतःला अजूनही पूर्ण गुण देते.

उत्तर मात्र मी कपाटात शोधलं. कचेरीच्या कपाटात एक जुनी, परदेशात छापलेली पुस्तिका होती: टोर्नॅडो, नेहमीचे प्रश्न आणि उत्तरं. कोणत्या काळची ते पाहायची तसदी मी घेतली नाही. तिचं मी मराठी केलं, चक्रमुद्रित प्रती काढल्या आणि स्वतःच्या हातानं चित्र काढलं. चित्रात एक घर होतं, पुरीसारखं टम्म फुगलेलं. खाली लिहिलं: 'भोवऱ्यात हवेचा दाब एकदम उतरतो. बंद घर आतल्या हवेनं फुटतं. म्हणून वादळ येताच सर्व दारं-खिडक्या उघडा.'

हे घेऊन मी सात गावांत गेले. बायका ऐकायच्या, कागद घडी करून कांचोळीत किंवा कमरेला खोचायच्या. कागदाला हात लावताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव यायचा, तो मला फार आवडायचा. आज तो आठवला की मी पांघरूण डोक्यावरून घेते.

आठवं गाव घाटंजीच्या पुढं, नाल्याच्या काठी. गाव आणि पलीकडं बंजाऱ्यांचा तांडा. सभा कौशल्याच्या घरी, कारण तिची छपरी सगळ्यांत मोठी. कौशल्या तिशीची, शांत. कापूस वेचण्यात अख्ख्या गावात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोन्ही हातांनी बोंडं अशी उतरवायची की बघणाऱ्याला वाटावं, झाडंच तिला देऊन राह्यलीत. तिचे सासरे गणपतबुवा लकव्यानं एका अंगानं गेलेले, छपरीतच खाटेवर असायचे. जीभ मात्र दोन्ही अंगांची शाबूत होती.

बारा-तेरा बायका, पाच-सहा लेकरं. तांड्यावरून आलेल्या बायकांच्या पुढं सोमलीबाई. सगळा तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई. सत्तरीची असेल. हातात कोपरापर्यंत बांगड्या, पाय पसरून बसलेली, माझ्याकडं बघायची ती बाजारात बैल बघावा तशी.

"विचारा," मी म्हटलं, "काहीही विचारा."

कौशल्यानं सुरुवात केली. "बाई, वावधन कायले येते?"

"हिले पगार भेटावा म्हणून," खाटेवरून गणपतबुवा.

हसू थांबल्यावर मी सांगितलं, वावधन म्हणजे हे वादळ कसं येतं ते. खाली तापलेली, दमट हवा असते, वर थंड, कोरडी. खालची वर जायला निघते. त्यात खालचा वारा एका दिशेनं आणि वरचा दुसऱ्या दिशेनं, जास्त जोरात. तुम्ही दिव्याची वात वळता तेव्हा एक तळहात पुढं जातो, एक मागं, आणि मधला कापूस गोल फिरतो. तशी हवेची आडवी वात वळली जाते. वर चढणारी हवा तिला उभी करते. ढगात भोवरा होतो, आणि क्वचित त्याचं टोक जमिनीला लागतं. कधी लागेल ते मोठमोठ्या वेधशाळांनाही नेमकं सांगता येत नाही.

वातीचा दाखला त्यांना आवडला. एकीनं लगेच कापूस घेऊन वळून पाहिला. मग प्रश्नांची झड लागली.

"म्हैस उचलते का?"

"मोठा असला तर उचलतो."

"मंग आमच्या बुढ्याले नेईन का?"

"त्याले कोन नेते वो, फेकून देईन पुढच्या गावात."

"बंडीखाली बसलं तं?"

"बैलबंडी अंगावर पडते. बंडीखाली नाही, झाडाखाली नाही, टिनाखाली तर नाहीच. माणसं वाऱ्यानं कमी मरतात, वाऱ्यानं फेकलेल्या वस्तूंनी जास्त. सुटलेलं टिन म्हणजे विळा."

"आन् वावरात सापडलो तं?"

"खोलगट जागा पाहून पालथं पडायचं, डोक्यावर हात. नाल्यात पाणी येऊन राह्यलं असेल तर मात्र नाल्यात नाही."

"आमी आंगनात कुऱ्हाड उलटी ठेवतो," तांड्यावरची एक म्हणाली, "धार वर करून. वारा कापला जाते."

"वारा नाही कापला जात. आणि ती ठेवायला घरातली म्हातारी नेमकी त्याच वेळी अंगणात जाते. टिन तिला लागतं."

सोमलीबाई प्रथमच बोलली. "हे बरोबर हाय. माही सासू अशीच गेली. कुऱ्हाड ठेवाले गेलती."

आणि मी, त्या दुजोऱ्याचा फायदा घेऊन, माझं चित्र वर केलं. पुरीसारखं घर. दारं-खिडक्या उघडा.

सोमलीबाईनं ते हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"पुरी कायले फुगते, बाई?"

"आत वाफ कोंडते म्हणून."

"आन् भोक पडलं तं?"

"नाही फुगत."

"मंग वर पाह्य." तिनं छताच्या कौलांकडं बोट केलं. "कवेलूत शंभर भोकं. दाराखालून मांजर जाते. घर कुठं बंद हाय? हवा आपली येऊन-जाऊन राह्यली. हे फुगल कसं? दार उघडलं तं वारा आत घुसन आन् छपराले खालून लात मारन."

मी हसले. अशी हसले की अजून कानात ऐकू येतं. "याडी, हे शास्त्र आहे. छापलेलं आहे."

"छापलं असन," ती म्हणाली आणि कागद घडी करून खाली ठेवला. "आमचे आजे बैलाइच्या पाठीवर धान्य-मीठ घेऊन रानोरान फिरत. वावधन आलं का गोन्या गोल रचत, एकावर एक, आन् बायापोरं मधात पालथी. डेऱ्यात कोनी थांबे नाही. डेरा उडते. भरली गोनी नाही उडत."

मी वहीत टिपलंसुद्धा नाही.

दोनची नोंद करूनच मी निघाले होते, आता पाच वाजत आले असतील. उकाडा एवढा की बांगड्या मनगटाला चिकटल्या. मग एकदम वारा पडला. बाहेर बांधलेली बकरी ओरडायची थांबली. पश्चिमेचा ढग मी सकाळपासून पाहत होते, पण आता त्याचा रंग बिघडला होता, मुक्या मारानंतर कातडी होते तसा हिरवट काळा. त्याच्या पोटातून एक पिशवी लोंबत होती. आणि आवाज. जिनिंगमधले सरकी काढायचे सगळे रेचे एकदम सुरू व्हावेत तसा घरघराट, पण थांबायचं नाव नाही, आणि जवळ येऊन राह्यलेला. नाल्यापलीकडं काहीतरी गोल फिरत वर चाललं होतं. कडबा, गोधड्या, एक अख्खं दार.

ज्याच्याविषयी मी बारा वर्षं वाचलं ते समोर होतं. माझे पाय जागच्या जागी गार झाले. तोंडातून मात्र आवाज निघाला, सरकारी, खणखणीत: "दारं उघडा! सगळी दारं उघडा!"

त्याच क्षणी सोमलीबाई: "कोनी उघडू नोका! आत चला, कापसात!"

कौशल्या मधल्या खोलीपाशी होती. त्या खोलीत तिचं वर्षभराचं पीक, जाड मातीच्या भिंती, वर फळ्यांचा माळा, खिडकी एकही नाही. तिला एक दार छपरीकडून आणि एक मागच्या अंगणात. तिनं सोमलीबाईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी शिकलेली, माझ्या हातात कागद. आत शिरून तिनं मागच्या दाराची आगळ काढली.

वारा आत शिरला तो माणसासारखा, खांदा लावून. कापूस उठला, माळ्याच्या फळ्या वाजायला लागल्या, आणि छपरीचं टिन खिळ्यांसकट कुंथायला लागलं. तेव्हा मला दिसलं. सोमलीबाईनं सांगितलं ते अक्षर नि अक्षर. वरून ओढ, खालून लात.

आता त्या म्हातारीनं जे केलं ते मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. ना ती ओरडली, ना मला बोलली. आधी रांजणातलं पाणी चुलीवर ओतलं, कारण कापूस आणि विस्तव एका छताखाली होते, ते आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मग लेकरं एकेक उचलून कापसात फेकली, "बेस, बेस!" करत बायकांना खाली दाबलं, आणि मागच्या दाराला पाठ लावली. कौशल्या आधीच दाराला भिडली होती. दोघींना ते लोटेना. मग कुठं माझे पाय सुटले. तिघींनी लोटलं. दार लागलं, आणि कौशल्या किंचाळली. उजव्या हाताची दोन बोटं चौकटीत सापडली होती. दार पुन्हा बोटभर सोडावं लागलं, हात काढून पुन्हा लोटावं लागलं. आगळ मी घातली.

"बुढा!" सोमलीबाई म्हणाली.

गणपतबुवा छपरीतच होते, टिनाखाली. आम्ही दोघी बाहेर धावलो. खाट दारातून जाईना. आडवी करा, उभी करा, जाईना. सोमलीबाईनं गोधडीची दोन टोकं माझ्या हातात दिली, दोन स्वतः धरली आणि बुवांना झोळीत घातल्यासारखं आत भिरकावलं.

"अवो, मी का कापूस हाव काय, फेकून राह्यल्या!" बुवा ओरडले.

आम्ही आतलं दार लावलं आणि छपरी गेली. मी डोळ्यांनी पाहिली नाही, ऐकली. मोठं कापड टराटरा फाटावं तशी. कानात दडे बसले. काळोखात, गळ्यापर्यंत कापसात, कुणाचं लेकरू कुणाच्या कुशीत ते कळत नव्हतं. माझ्या अंगावर एक जड हात होता, बांगड्यांचा. तो सोमलीबाईचा होता आणि तो मला खाली दाबून ठेवत होता, कारण मी उठून बघायला निघाले होते.

दोन मिनिटं असतील, तीन असतील. हातावर घड्याळ असून मी वेळ टिपली नाही, आणि निरीक्षक म्हणून ही माझी शेवटची नालायकी नव्हती. मग गारा आणि पाऊस. आम्ही बाहेर आलो तेव्हा छपरीच्या जागी आभाळ होतं. खाट नव्हती. ती नाल्यापलीकडं मिळाली, तिचे दोन पाय शेवटपर्यंत मिळाले नाहीत.

सगळ्या जिवंत होत्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या. सगळ्यांना खाज सुटली होती आणि सगळ्या खाजवत हसत होत्या, रडतही होत्या. कौशल्या भिंतीला टेकून हात धरून बसली होती. तिच्याशेजारी बसून मी माझ्या साडीचा काठ फाडला आणि बांधला. ती म्हणाली, "बाई, तुमचं लुगडं गेलं." यापुढं ती काही बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

बोटं तुटली नाहीत, पण वाकेनाशी झाली. उजव्या हाताची. पुढच्या हंगामात ती वेचायला गेली तेव्हा कापूस एका हातानं उतरत होता. त्याची नोंद कुठल्या तक्त्यावर नाही, म्हणून इथं करते.

दुसऱ्या दिवशी मी नुकसान पाहायला निघाले तेव्हा सोमलीबाई बरोबर आली. साध्या वादळात झाडं एकाच दिशेला पडतात. इथं निंब पूर्वेला, बाभूळ पश्चिमेला, आणि पडझडीचा पट्टा नाल्यापासून टेकडीपर्यंत सरळ, अरुंद. पट्ट्याबाहेरच्या घराच्या दोरीवर कपडे तसेच वाळत होते. मी अहवालात लिहिलं: टोर्नॅडो असावा. कचेरीतल्या साहेबांनी खोडून 'जोराचे वारे' केलं. त्यावर मी भांडले नाही, कारण माझ्यापुढं दुसराच प्रश्न होता. तो सोमलीबाईनं टेकडीवर बसून विचारला होता.

"हे दार उघडाचं किती गावाइत सांगतलं तू?"

"सात."

"आन् पानी याले किती दिवस हायेत?"

"महिना. वादळाचे दिवस तेच."

तिनं माझ्या हातातल्या उरलेल्या कागदांकडं पाहिलं. सात गावांत, कितीतरी कमरांना, माझ्या अक्षरातला तो कागद खोचलेला होता. पुढच्या ढगाला कुणीतरी तो वाचणार होतं.

साहेब म्हणाले, आपणच दिलेली सूचना आपणच चूक म्हणायची तर खात्याची काय इज्जत राहील? हळूच थांबवा, पुढच्या वर्षी नवी सूचना काढू. मी रजेचा अर्ज दिला. सातच्या आणि दोनच्या नोंदी चौकीदाराला शिकवल्या. त्याच्या नोंदी माझ्याहून सुबक असायच्या, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

पहिल्या गावाला एसटीनं गेलो, सोमलीबाई आणि मी. ती आपणहून आली होती. "तुले कोन मानल आता?" एवढंच कारण सांगितलं. बायका जमल्या. मी उभी राहिले, घसा साफ केला. "नव्यानं उपलब्ध झालेल्या माहितीच्या आधारे पूर्वीच्या सूचनांमध्ये काही सुधारणा करण्यात येत आहेत..."

मागून सोमलीबाईचा आवाज आला, "चुकली म्हन."

मी पुढचं सरकारी वाक्य सुरू केलं.

"म्हन ना. चुकली म्हन, मंग त्या ऐकतीन."

"मी चुकले," मी म्हटलं. "दारं उघडा म्हणाले ते चूक होतं. दारं लावा. सगळ्यांत आतली, बिनखिडकीची खोली पाहा. चूल विझवा. खाली बसा, अंगावर गोधड्या घ्या, कापूस असेल तर कापसात शिरा. म्हाताऱ्यांना आधी आत घ्या, खाटेच्या नादी लागू नका. मी हे ऐकलं नाही म्हणून एका बाईची दोन बोटं गेली."

मग एकेकीनं कमरेचा कागद काढून माझ्या हातात दिला. कुणी टोमणा मारला नाही. एकीनं चहा ठेवला. मी तयारी करून गेले होते ती शिव्यांची. एवढ्या सल्ल्याच्या गाड्या त्या गावानं पाहिल्या, त्यातून उतरून कुणी 'चुकलो' म्हटल्याचं त्यांना नवीन असावं. सोमलीबाई चहा बशीत ओतून प्यायली आणि म्हणाली, "चाल. सहा राह्यले."

सहाही केले. महागावकडच्या एका गावाला तर ओढा उतरून पायी. रस्त्यात तिनं मला ढग वाचायला शिकवलं, मी तिला तापमापक. तिला पारा आवडला. "हा बी भेतो वाट्टे," म्हणाली, "गरम झालं का वर पळते."

सातव्या गावात एक बाई कागद द्यायला पुढं आली नाही. नवं घर बांधलेलं, विटांचं, गावात सगळ्यांत पक्कं. ती आम्हाला घरी घेऊन गेली आणि दाराकडं बोट केलं. दाराला ना कडी, ना आगळ. आतल्या खोलीच्या दारालाही नाही.

"तुमीच म्हटलं, वावधनात दार उघडं पाह्यजे. मंग मी मिस्तऱ्याले म्हटलं, कडी कायले लावतं? तेवढेच पैसे वाचले." ती लाजून हसली. "आता तो मिस्तरी गेला पुन्याले."

पश्चिमेला ढग चढत होते. मी सोमलीबाईला तिथंच बसवलं, आणि मिळाला त्या ट्रॅक्टरनं बाजाराला गेले. दोन लोखंडी कड्या, कोयंडे, स्क्रू आणि एक पेचकस घेऊन परत आले. सुतारकाम मला येत नव्हतं. बारा वर्षं मी काचेच्या नाजूक नळ्या हाताळल्या, पण सागाच्या फळीत स्क्रू बसवताना घामाघूम झाले. दोन वाकडे गेले, एक बोटात घुसला. सोमलीबाई एकेक स्क्रू तळहातावर धरून बसली होती आणि मला काही शिकवत नव्हती. तिचा हा सभ्यपणा मला अजून आठवतो. घरमालकीण दार धरून उभी होती. मी कडी ओढली. ती कोयंड्यात बसेना. पुन्हा सगळं सोडवलं, पुन्हा लावलं.

सोमलीबाई उठली, दार लावलं, कडी घातली आणि आतून खांदा लावून तीनदा धक्का दिला. मग माझ्याकडं वळली.

"वाकडी बसली, बाई," ती म्हणाली. "पन लागते."